मी तुटलो नव्हतो

मित्रांनो, मी तुटलो नव्हतो. माझा जन्म, माझे काम, माझे कौतुक आणि माझी बदनामी हे सगळे मी तुम्हाला सांगणारच आहे. पण हे एक वाक्य आधी ऐकून घ्या, कारण आमच्या वस्तीवर ते ऐकायला कोणी तयार नाही. येणारा-जाणारा माझ्याकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, "हाच तो, ऐन वेळी तुटला आणि कळपाचा घात केला." शेंबडी पोरेसुद्धा म्हणतात. मला तोंड नाही म्हणून कोणीही काहीही बोलावे, हा कुठला न्याय?

मी एक जुना कातडी पट्टा आहे. बोकडाच्या पोटाखाली बांधायचा. हातभर रुंद कातड्याचा तुकडा आणि त्याला चार कोपऱ्यांवर चार वाद्या, एवढाच माझा संसार. वाद्या बोकडाच्या पाठीवर बांधतात आणि मी खाली पडद्यासारखा लोंबत राहतो. मी जागेवर आहे तोवर बोकड शेळ्यांच्या मागे कितीही धावला तरी शेळ्या गाभण राहत नाहीत. मला सोडले की राहतात. म्हणजे करडे कोणत्या हवेत जन्माला यायची, हे माझ्यावर ठरते. इतके मोठे काम माझ्याकडे आहे आणि वस्तीवर माझे नाव काय, तर 'बोकडाची चड्डी'! हसा, हसा. सगळेच हसतात.

माझे कातडे मुळात एका मोटेचे. आमच्या घरामागे विहीर आहे. एके काळी तिच्यातून मोटेने पाणी काढत. पुढे विहीर आटली, मोट माळ्यावर गेली आणि तिथे उंदरांच्या सोबतीने कित्येक वर्षे पडून राहिली. आमचा मुलूख कोरडा. पाऊस वर्षातून एकदाच येतो, तोही रुसल्यासारखा, आणि त्याच्यामागून थंडी, थंडीमागून लांबलचक उन्हाळा. अशा जमिनीवर पीक भरवशाचे नसते. भरवसा असतो शेळ्यांवर, कारण काटेरी झुडपांचा पाला खाऊनही त्या दूध देतात.

आमच्या घरातला कळप आत्यांचा. नवरा वारल्यावर त्या भावाच्या घरी परत आल्या, त्या दोन शेळ्या बरोबर घेऊनच. त्या दोनांचा कळप त्यांनी उभा केला. भाऊ-भावजय गेल्यावर पुतण्यालाही त्यांनीच वाढवले. पुतण्या त्यांना आत्या म्हणतो, म्हणून सगळी वस्ती त्यांना आत्या म्हणते. बाई बोलायला कमी आणि बघायला जास्त. कोणती शेळी आज कान पाडून चालते आहे, कोणी पाण्याला तोंड लावले नाही, हे त्यांना दुरूनच कळायचे.

एका उन्हाळ्यात आत्यांच्या निम्म्या शेळ्या ऐन उकाड्यात व्याल्या. झाडांवर पान नव्हते. शेळ्यांना चारा शोधत दिवसभर रान तुडवावे लागे आणि जे मिळे ते त्यांच्या स्वतःच्या पोटालाही पुरत नसे. मग कासेत दूध कुठून येणार? करडे जन्मली ती मुठीत मावतील एवढी. ती आईला लुचायची, हिसके द्यायची आणि तशीच दमून पडायची. त्या वर्षी आत्यांनी ठरवले, की यापुढे आपल्या गोठ्यात उन्हाळ्याचे बाळंतपण नको. दूरच्या माळावरून जाणाऱ्या एका मेंढपाळाच्या एडक्यांना त्यांनी असा पट्टा बांधलेला पाहिला होता. त्यांनी मोट माळ्यावरून काढली आणि बाजारातल्या मोच्याकडे नेली.

"कशाला हवाय म्हणालात?" मोच्याने दोनदा विचारले. आत्यांनी दोनदा सांगितले.

"आत्या, आजवर माणसांच्या पायांची मापं घेतली. आता हे! खिसे ठेवू का त्याला?"

"खिसे नकोत. वाद्या घट्ट शिव. तुटल्या तर तुझ्या दुकानावर येऊन बसेन मी."

मोची माप घ्यायला स्वतः गोठ्यात आला, बोकडाची एक लाथ खाऊन गेला आणि परतल्यावर त्याने माझी शिवण तीन पदरी घातली. हे मुद्दाम सांगतो. मेण लावलेला दोरा, दुमडलेल्या कडा, कोपऱ्यांवर कातड्याची ठिगळे. तुटण्यासारखे त्याने माझ्यात काही ठेवलेच नव्हते.

आमच्या बोकडाचे नाव साहेब. चालणेच तसे होते. पुढे बोकड बदलले तरी नाव तेच राहिले, नवा येई तोही साहेबच. पहिल्यांदा मला बांधले तेव्हा साहेबांनी अख्खा गोठा डोक्यावर घेतला. गोल फिरले, भिंतीला पोट घासले, शेवटी थकून उभे राहिले आणि माझ्याकडे असे पाहिले, की जणू मीच त्यांच्या वाइटावर आहे. आणि मित्रांनो, बोकडाच्या अंगाचा वास तुम्हाला ठाऊक आहे का? तुम्ही नाकाला रुमाल लावून लांब पळता. मी त्या वासात महिनोन् महिने राहिलो आहे. त्याचे कौतुक कोणी केल्याचे मला आठवत नाही.

तुम्ही विचाराल, बोकड सरळ वेगळाच का बांधत नाहीत? अहो, कळप एक आणि वळायला माणूस एक. साहेबांना वेगळ्या रानात न्यायचे तर दुसरा माणूस आणायचा कुठून? आणि दावणीला बांधून ठेवायचे, तर चारा आयता तोंडाशी आणून द्यावा लागतो. कोरड्या मुलखात चारा तोंडाशी येत नाही, त्याच्यामागे चालत जावे लागते. म्हणून साहेब सगळ्यांबरोबर चरायला जायचे आणि मी त्यांच्याबरोबर.

आता माझ्या वर्षाचा फेरा सांगतो. यातच सगळे आहे, तेव्हा लक्ष द्या. शेळी पाच महिने गाभण राहते. पाऊस पडला, रान हिरवे झाले, शेळ्यांनी पोटभर खाल्ले आणि अंग धरले, की आत्या मला सोडायच्या. तेव्हा पोटात राहिलेली करडे थंडीच्या तोंडाशी जन्मतात. हवा कोरडी, ऊन कोवळे, झुडपांना अजून पाला असतो, बाभळीखाली शेंगांचा सडा असतो. आईला भरपूर दूध येते. उन्हाळा येईपर्यंत करडे स्वतःच्या तोंडाने पाला ओरबाडू लागतात. शेळ्या गाभण राहिल्या, की आत्या मला पुन्हा बांधायच्या, ते थेट पुढच्या पावसापर्यंत.

मला सोडण्याचा दिवस आत्या कशा ठरवायच्या, ते मी जवळून पाहिले आहे. त्या सकाळी रानात जाऊन यायच्या आणि अंगणात उभ्या राहून मोठ्याने सांगायच्या, "गवत चांगलं बोटभर झालं गं बाई." हे सगळ्या घराला ऐकू जायचे. पण त्यानंतर त्या गोठ्यात येऊन एकेका शेळीच्या पाठीवरून हात फिरवायच्या. पाठीचा कणा बोटांना टोचतो का, बरगड्यांवर मांस चढले आहे का, हे त्या चाचपायच्या. हाडे लागली, तर गवत कितीही वाढलेले असो, मला सोडायच्या नाहीत. पुन्हा आठ-दहा दिवसांनी हात. हे मात्र त्या कधी मोठ्याने बोलल्या नाहीत. त्यांना वाटायचे, यात सांगण्यासारखे काय आहे?

माझ्या चांगल्या दिवसांत माझा थाट काय वर्णावा! आमची करडे वस्तीत सगळ्यांहून गुटगुटीत. जुळी व्हायची आणि दोन्ही जगायची. शेळ्या पुढच्या पावसापर्यंत पुन्हा सावरायच्या. जनावरांच्या डॉक्टरीणबाई मोटारसायकलवरून यायच्या. त्यांनी मला हातात घेऊन उलटेपालटे करून पाहिले आणि माझा फोटो काढला. "आत्या, उन्हात शेळीला भूकच लागत नाही, खाल्लेलं अंगी लागत नाही. त्या दिवसांत पोटातलं करडू वाढणार कसं? तुम्ही करता ते अगदी बरोबर आहे. मी बाकीच्या वस्त्यांवरही सांगणार आहे हे," असे त्या म्हणाल्या. सांगितलेही त्यांनी. चार घरांनी आपापले पट्टे करून घेतले. माझ्यामुळे, बरं का! आत्या दर दोन महिन्यांनी मला उन्हात वाळवून तेल चोळायच्या. त्या वेळी साहेब जरा वेळ खोलीत कोंडलेले असायचे आणि आतून ओरडत असायचे.

मग आत्यांच्या डोळ्यांना कमी दिसू लागले. मोतीबिंदू. चाचपून कामे व्हायची, पण तेलाची बाटली राहून जायची. मी कडक होऊ लागलो. माझ्या वाद्यांच्या गाठी लाकडासारख्या झाल्या. पुतण्याला एकदा त्यांनी सांगितले, "पट्ट्याला तेल लाव रे." तो "लावतो, लावतो" म्हणाला. तेल त्याच्या मोटारसायकलच्या साखळीला लागले, माझ्यापर्यंत आलेच नाही.

पुतण्या मुलगा वाईट नव्हे, हे मला रागातही कबूल करावे लागते. कष्टाळू आहे. पण त्याला घाई फार. बाजारातल्या चहाच्या दुकानात बसून तो मोठमोठ्या गोष्टी ऐकून यायचा. कोणी तरी त्याला सांगितले होते, की हुशार माणूस शेळीची वर्षातून दोन वेते, म्हणजे दोन बाळंतपणे, घेतो. ज्याच्याकडे विहिरीला बारमाही पाणी आणि दारात हिरवा चारा आहे, त्याने घ्यावीत की! आमच्या दारात काय होते? आटलेली विहीर आणि तिच्यात पडलेला चेंडू.

त्याची बायको समजूतदार. आत्या तिला सूनबाई म्हणतात. तिने माहेराहून एक शेळी आणली होती, टिकली. काळी कुळकुळीत आणि कपाळावर पांढरा ठिपका. लग्नानंतर पहिले वर्षभर सूनबाई घरात कोणाशी फारसे बोलायची नाही, पण गोठ्यात टिकलीशी तासन् तास गप्पा मारायची. माहेरचे माणूसच होते ते तिचे. ती शेळीसुद्धा अशी लबाड, की बाकीच्यांनी धार काढायला हात लावला तर पाय झाडायची आणि सूनबाई आली, की मुकाट उभी राहायची.

त्या वर्षी थंडीच्या दिवसांत आत्यांना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी शहरात त्यांच्या भाचीकडे नेले. एक डोळा झाला, मग दुसरा करायचा ठरला, मुक्काम लांबत गेला. इकडे शेळ्या नुकत्याच व्यालेल्या, करडे अंगणात उड्या मारत होती आणि आयांना लुचून लुचून पिऊन टाकत होती. मी साहेबांच्या पोटाखाली होतो. सगळे जिथल्या तिथे होते. आणि अचानक, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, भर थंडीत पाऊस आला.

तो पाऊस येण्याची ती वेळच नव्हती. असे पाऊस अलीकडे येऊ लागले आहेत. यायचा तेव्हा दडी मारतो, नको तेव्हा दारात हजर. दोन दिवस कोसळला आणि आठवडाभरात सगळे रान हिरवे झाले. गवत चांगले बोटभर वाढले. पुतण्या रानातून आला तोच हात चोळत.

"बघितलंस का? गवत बोटभर! पट्टा सोडायचा. एक वेत तर झालंच, दुसरंही पदरात पडेल."

सूनबाई धार काढत होती. ती म्हणाली, "आता? आत्या तर पावसाळ्यात सोडतात."

"हा काय पाऊसच आहे ना?"

"अहो, पण एक फोन करून विचारा ना त्यांना."

"ऑपरेशन झालेल्या माणसाला आता बोकडाच्या चड्डीसाठी फोन करू? मला काय गवत दिसत नाही? आत्या येतील तेव्हा अख्खा कळप गाभण दिसला पाहिजे. खूश होतील."

सूनबाई शेळ्यांकडे बघून म्हणाली, "या किती वाळल्यात पिलांपायी." पण तिचे बोलणे त्याने कानाआड केले. पाच महिने बोटांवर मोजायला काही फार अक्कल लागत नाही. मोजले असते, तर बोट बरोबर उन्हाळ्याच्या छाताडावर जाऊन थांबले असते. त्याने मोजले नाही. पाठीवरून हात फिरवायचा असतो हे तर त्याला ठाऊकच नव्हते.

तो माझी गाठ सोडू लागला. गाठ सुटेना. तेल न मिळालेली गाठ ती, सुटणार कशी? त्याने दाताने ओढून पाहिले, वासाने तोंड वाकडे केले. साहेब मागे-पुढे होऊ लागले. मग त्याने कुडात खोचलेला विळा काढला आणि माझ्या दोन वाद्या सर्रकन कापल्या. मित्रांनो, इतकी वर्षे मी ज्या घराची राखण केली, त्या घराच्या विळ्याने मला कापले. मी शेणात पडलो. साहेबांनी माझ्यावर पाय दिला आणि ते निघून गेले. रात्री कोणी तरी मला उचलून कोपऱ्यात फेकले.

हिरवळ पंधरवडाभर टिकली. पुढे काही पाऊस नव्हता, जमिनीत ओल नव्हती, गवत वाळले आणि वाऱ्याने उडून गेले. तोवर निम्मा कळप गाभण होता. टिकलीही.

आत्या परत आल्या तेव्हा उन्हाळ्याची झळ लागू लागली होती. नव्या डोळ्यांनी त्यांनी पहिल्यांदा कळप पाहिला आणि त्यांच्या हातातली पिशवी खाली पडली. शेळ्यांची पोटे त्यांना दिसली. पोटांवरच्या बरगड्याही दिसल्या.

"हे कधी झालं?"

पुतण्याचा चेहरा उतरला. मग त्याच्या तोंडून ते वाक्य बाहेर पडले, ज्याच्यासाठी मी हे सगळे सांगायला बसलो आहे. तो म्हणाला, "पट्टा तुटला, आत्या. जुना झाला होता ना. रानात कधी तुटला, कळलंच नाही."

मी कोपऱ्यात पडलो होतो. माझ्या कापलेल्या वाद्या माझ्या अंगावरच होत्या. सूनबाई दारात उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिले, मग पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली आणि ती आत निघून गेली. घरात नवी भांडणे नकोत म्हणून तिने मूग गिळले. आत्या मला बघायलाही आल्या नाहीत. "मेल्या, तुझ्या भरवशावर गेले होते मी," असे कोपऱ्याकडे बघून म्हणाल्या. मला! तीन पदरी शिवणीच्या मला! अंगाचा नुसता तिळपापड झाला, पण पट्ट्याच्या तिळपापडाला विचारतो कोण?

दुसऱ्या दिवसापासून सगळ्या वस्तीवर तेच. तुटला, तुटला, तुटला. ज्या चार घरांनी माझे बघून पट्टे केले होते, त्यांच्यातल्या दोघांनी ते काढून टाकले. "कातड्याचा काय भरवसा," म्हणाले. एका खोट्याचे पाय बघा किती लांब असतात ते.

आणि मग उन्हाळा आला. सकाळी जनावरे रानात जात आणि उन्हे चढली की रिकाम्या पोटी सावली शोधत बसत. दोन शेळ्यांनी दिवस भरण्याआधीच करडे टाकली. बाकीच्या व्याल्या, पण त्यांच्या कासा रिकाम्या पिशव्यांसारख्या लोंबत होत्या. एका शेळीने तर आपल्या करडाला हुंगले आणि ती उठून दूर जाऊन बसली. आत्यांनी डॉक्टरीणबाईंना बोलावले. त्यांनी अशक्त शेळ्यांना सुया दिल्या, पाण्यात मीठ-साखर पाजायला सांगितली आणि त्या हात धुताना म्हणाल्या, "आत्या, दूध काही औषधानं येत नाही हो. पोटात गेलं तर येतं."

टिकली भर दुपारी व्याली. दोन करडे. सूनबाईने गोठ्यावर ओली पोती टाकली, टिकलीला तोंडाशी पाणी दिले, भाकरीचा चुरा भरवला. पहिल्या करडाने तोंड उघडले आणि ते मिटलेच नाही. संध्याकाळपर्यंत ते गेले. दुसरे उभे राहायला धडपडत होते. टिकली त्याला चाटत होती, पण पान्हा फुटत नव्हता. सूनबाई शेजारच्या गाईचे वाटीभर दूध आणायची, बाटलीला रबरी निपल लावून करडाला थोडे थोडे पाजायची आणि मग टिकलीपाशी बसून तिच्याशी बोलायची. टिकली काही दिवस ऐकत राहिली. एके दिवशी सकाळी आत्यांनी हात लावला तरी तिने पाय झाडले नाहीत, मानही वर केली नाही. सूनबाईने तिच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर हात ठेवला आणि ती तशीच बसून राहिली. रडली नाही. करडू मात्र आईच्या पोटाशी तोंड खुपसून शोधत होते.

पुतण्या टिकलीला पुरायला घेऊन गेला आणि आला तो न जेवता झोपला. त्याला वाईट वाटत होते, मला दिसत होते. पण वाईट वाटणे वेगळे आणि खरे बोलणे वेगळे.

दुसऱ्या दिवशी आत्या गोठा झाडायला आल्या. कोपऱ्यात मी दिसलो. त्यांनी मला केरसुणीनेच पुढे ढकलले, उचलले आणि शेणाच्या खड्ड्यात भिरकावले. पुतण्याला म्हणाल्या, "बाजारात जा आणि नवा पट्टा शिवून आण. जाड कातड्याचा. न तुटणारा." तो "हो" म्हणाला. मान खाली घालून म्हणाला, पण "हो"च म्हणाला.

तेव्हा सूनबाई करडाला बाटली पाजत होती. तिने करडू खाली ठेवले. चालत शेणाच्या खड्ड्याकडे गेली, तिने मला बाहेर काढले, पदराने पुसले आणि आत्यांच्या पुढे धरले.

"आत्या, नवा कशाला? हा कुठे तुटलाय?"

"म्हणजे?"

"वाद्या बघा. तुटलेलं कातडं असं असतं का? हे विळ्यानं कापलंय. मी तिथंच होते. तेव्हाच बोलायला हवं होतं. आता टिकली गेली. मी गप्प राहिले, तर पुढच्या वर्षी यांचा नवा पट्टाही असाच 'तुटेल'."

आत्यांनी मला हातात घेतले. नव्या डोळ्यांसमोर वाद्या धरल्या. कापाची सरळ कड त्यांनी अंगठ्याने चाचपली, मग माझी शिवण चाचपली. ती जिथल्या तिथे होती. आत्यांनी पुतण्याकडे पाहिले. मला वाटले, आता याला फोडून काढतील. मी त्याची वाटच बघत होतो, खोटे कशाला बोलू!

पण त्यांनी त्याचे मनगट धरले आणि त्याला गोठ्यात नेले. एका शेळीपुढे उभे केले आणि त्याचा हात तिच्या पाठीवर ठेवला.

"फिरव हात. काय लागतंय?"

"हाडं," तो म्हणाला.

"पट्टा सोडायच्या आधी हे बघायचं असतं. गवत मागून. पाऊस लबाडी करेल, गवत लबाडी करेल, ही पाठ करत नाही." मग म्हणाल्या, "हे मी तुला कधी सांगितलं नाही, ती चूक माझी. पण खोटं बोलायला मी शिकवलं नव्हतं."

पुतण्या गोठ्याच्या उंबऱ्यावर बसला आणि त्याने तोंड ओंजळीत लपवले. नवा पट्टा आणायला कोणी गेले नाही. मला मोच्याकडे नेले. मोच्याने कापलेल्या वाद्या पाहिल्या, चष्म्यावरून पुतण्याकडे पाहिले आणि काही न विचारता नव्या वाद्या शिवल्या. तेल पुतण्याने स्वतः चोळले. गेल्या कित्येक वर्षांचे एकदम चोळले असावे, कारण मी दोन दिवस नुसता टपकत होतो.

घरातला न्याय झाला. पण वस्तीवर? वस्तीवर मी तुटकाच. तिथे जाऊन कोण सांगणार?

यंदाचा पाऊस उशिरा आला, पण आला. मी साहेबांच्या पोटाखाली आहे. रान हिरवे झाले, गवत बोटभर झाले, मग वीतभर झाले. पुतण्या रोज गोठ्यात येतो, एकेका शेळीच्या पाठीवरून हात फिरवतो आणि मला तसाच ठेवून निघून जातो. उन्हाळ्यात झिजलेल्या शेळ्या इतक्यात कुठल्या भरायला? टिकलीचे करडू जगले. त्याच्या कपाळावर ठिपका नाही, पण धार काढताना आईसारखे पाय झाडणार, हे आताच दिसते. सूनबाईच्या मागे मागे ते घरभर फिरते.

परवा वस्तीवरचा दूधवाला दारात आला. साहेबांना बघून हसला. "गवत गुडघ्याला आलं की रे! बाकीच्यांचे बोकड कधीच मोकळे झाले. तू काय या तुटक्या चड्डीची परत तुटायची वाट बघतोयस?"

दोन-चार माणसे उभी होती, तीही हसली. पुतण्याच्या हातात पाण्याची बादली होती. ती त्याने खाली ठेवली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या.

"तुटला नव्हता तो," तो म्हणाला. "मी कापला होता. विळ्यानं. आणि खोटं सांगितलं सगळ्यांना."

दूधवाल्याने घसा खाकरला. पुतण्याने बादली उचलली आणि तो शेळ्यांना पाणी पाजायला आत आला. जाता जाता त्याने साहेबांच्या पाठीवरची माझी गाठ एकदा चाचपून बघितली.

मित्रांनो, दूधवाल्याने ही गोष्ट पुढे कोणाला सांगितली की नाही, मला माहीत नाही. वाईट बातमी तो दारोदार वाटतो, ही वाटेल याची खात्री नाही. म्हणून तुम्हाला सांगितली. तुमच्या घरातही माझ्यासारखे कोणी असेल, खुंटीला, कोपऱ्यात, नाही तर दावणीला. त्याला तेल-पाणी वेळेवर द्या. आणि काही बिघडले, तर त्याच्या नावाने बोटे मोडण्याआधी ते हातात घेऊन नीट बघा. मला कोणी बघितले असते, तर टिकलीसाठी कदाचित उशीरच झाला असता. पण त्या दोन घरांचे पट्टे उतरले नसते. त्यांचे बोकड आजही मोकळे फिरतात, आणि पुढचा उन्हाळा काही कोणासाठी थांबत नाही.